खालच्या कप्प्यातली राखण

१८ मार्च, सोमवार

वही पुन्हा काढली. नंदकुमारशी बोलून उपयोग नाही. विद्यापीठात आयुष्यभर दगड शिकवल्यामुळे त्याला सगळ्याच गोष्टी लाखालाखांच्या वर्षांत दिसतात. नवरा म्हणून वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीला "होईल सवय" हे एकच उत्तर. म्हणून इथे लिहिते.

आजपासून आमच्या औषधभांडारात रजिस्टर बंद झालं. या ट्रस्टच्या रुग्णालयात बावीस वर्षं मी ते लिहिलं, आलेलं डावीकडे आणि दिलेलं उजवीकडे. आता प्रत्येक खोक्यावर एक चौकोनी ठिपक्यांचा कोड. आत येताना स्कॅन करायचा, बाहेर जाताना स्कॅन करायचा. ट्रस्टची सात रुग्णालयं आहेत, आमचं चंदीगडचं धरून. सातही ठिकाणी काय उरलंय ते पंचकुल्याच्या मुख्य गोदामातल्या संगणकाला बसल्या जागी दिसणार, आणि कुठे काय पाठवायचं तेही तोच ठरवणार. आम्ही मागणी करायची नाही. एकमेकांना फोन तर अजिबातच करायचे नाहीत, हे पत्रकात ठळक अक्षरात होतं. याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

हे बसवायला कंपनीचा एक इंजिनिअर आलाय, शिशिर, अकोल्याचा. माझं हिंदी ऐकून पाच मिनिटांत म्हणाला, "ताई, तुम्ही मिरज-सांगलीकडच्या काय?" मी मिरजेचीच. राग आला होता तो निम्मा तिथेच उतरला. मग त्याने समजावलं, "जे औषध एका ठिकाणी हलत नाही, ते जिथं हलते तिथं जाते. साधं गणित आहे नं ताई."

"आणि जे वर्षातून दोनदाच लागतं, पण लागलं की तासाभरात लागतं, ते?"

"त्याचाही पॅटर्न निघतेच."

आमचा रोगी बलकार, त्याच्या रक्ताला कसला पॅटर्न आलाय.

२७ मार्च, बुधवार

घ्या. विषबाधेवरच्या एका उताऱ्याच्या आठ बाटल्या आज मोहालीच्या आमच्या रुग्णालयात गेल्या. सकाळी स्क्रीनवर पिवळी पट्टी आली, "निष्क्रिय साठा", आणि दुपारी गाडी दारात. चार महिने लागल्या नव्हत्या म्हणे. घरातला अग्निशामकही चार महिने लागलेला नसतो, म्हणून तो शेजाऱ्याला देऊन टाकायचा का? शिशिरला हे विचारलं तर हसला आणि म्हणाला, "पॉइंट आहे तुमचा." पॉइंट घेऊन काय करू?

पुढची पाळी रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर नाइनची आहे हे मला कळत होतं. शेवटची बाटली नोव्हेंबरमध्ये दिली होती.

बलकार पिंजौरचा घड्याळं दुरुस्त करणारा, चाळिशीचा. वडील तिथल्या घड्याळांच्या कारखान्यात होते. याला जन्मापासून रक्त न गोठण्याचा आजार. साधारण रोग्यांना लागतो तो घटक नाही, याला दुसरा लागतो, नववा, आणि आमच्या सातही रुग्णालयांत मिळून तो लागणारा हा एकच. कुठे आपटलं तर रक्त आतल्या आत साठत राहतं. बाटली मिळाली की तासाभरात थांबतं.

तेव्हा मी माझी जुनी रीत केली. मिरजेच्या पहिल्या नोकरीत शिकले होते ती. दुर्मीळ औषध कागदावर वॉर्डाला दिलं असं दाखवायचं आणि प्रत्यक्षात बाजूला ठेवायचं. मी त्याला राखण म्हणते. यात चोरी नाही. एवढ्या वर्षांत मी घरी डोकेदुखीची गोळीसुद्धा नेलेली नाही. फॅक्टर नाइनच्या सहाही बाटल्या "इमर्जन्सीला दिल्या" म्हणून स्कॅन केल्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, इन्सुलिनच्या खोक्यांमागे ठेवल्या. मुदत पुढल्या वर्षीपर्यंत आहे. स्क्रीनवर शून्य दिसलं. पिवळी पट्टी येणार नाही आता. बरं वाटलं.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली. समोरच्या मिसेस सोढी दरवर्षीप्रमाणे विचारून गेल्या की लोटा उलटा का. कडुलिंबाचं पान स्वरालीला दिलं तर "मम्मा, सीरियसली?" म्हणाली, पण खाल्लं. पोरीला मराठी सगळं कळतं, फक्त बोलायचं झालं की तोंडातून हिंदी येतं.

अर्धा दिवस कामावर. गंमत म्हणजे फॅक्टर नाइनच्या चार बाटल्या आपोआप आल्या. सहा संपल्या असं यंत्राला वाटलं, त्याने आपल्या मनाने मागवल्या. पूर्वी चार बाटल्यांसाठी मला तीन पत्रं आणि संचालकांच्या दारात दोन फेऱ्या लागायच्या. या चारही स्कॅन करून खाली ठेवल्या. दहा झाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ मे, गुरुवार

बलकार आला होता, गुडघा सुजलेला. डॉक्टरांनी दोन बाटल्या लिहिल्या. राखणीतून काढून दिल्या. स्कॅन करायचा प्रश्नच नव्हता, त्या तर मार्चमध्येच "दिल्या" गेल्यात. आता आठ उरल्या.

औषध चढत असताना त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याचा उजवा हात सलाइनला द्यायचा नसतो, हे नर्सला मीच सांगते. मोहरीपेक्षा बारीक स्क्रू तो चिमट्याने उचलून जागेवर बसवतो. दुकानात गेले की मी ते बघत उभी राहते. आठ वर्षांपूर्वी त्याला दर वेळी चंदीगडला पळत यावं लागायचं, म्हणून मीच भांडून पिंजौरच्या आमच्या छोट्या रुग्णालयात सहा बाटल्या कायमच्या ठेवायला लावल्या. आजही त्याला बजावलं, "कुछ भी हुआ तो इधर मत भागना. पिंजौर में तुम्हारी छह रखी हैं. सीधे फार्मेसी में साक्षी के पास जाना."

"मैडम जी, आप हो तो फिकर ही नहीं," तो म्हणाला. बायको म्हणाली, "ये तो डॉक्टर से पहले आपका नाम लेते हैं जी."

घरी येऊन हे सांगितलं तर स्वराली म्हणाली, "मम्मा, आपको बस चाबी अपने पास चाहिए होती है." काहीही बोलतात ही मुलं.

२ जून, रविवार

लू सुटलीय. सुट्टी असूनही माल आला म्हणून बोलावलं. फ्रिजचा माल थांबत नाही.

फॅक्टर नाइनच्या सहा बाटल्या! पुरवठादाराकडून नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी रुग्णालयाच्या निष्क्रिय साठ्यातून काढून आपल्याला दिल्यात. पेटीवर नुसता सात आकडी कोड होता, आणि कुठून आल्या ते शोधत बसायला चव्वेचाळीस अंशांत मला वेळ नव्हता. असेल कुणीतरी आळशी, नीट सांभाळता आलं नसेल. स्कॅन करून खाली ठेवल्या. चौदा झाल्या. मार्चमध्ये माझं नेलं, जूनमध्ये परत दिलं. फिटंफाट.

संध्याकाळी साक्षीचा फोन आला. ती पिंजौरची फार्मासिस्ट, तिशीची, कामसू. फोन बंदी असताना चोरून केलेला. रडकुंडीला आली होती. "मैडम, कल गाड़ी भर के ले गए. चालीस आइटम की लिस्ट थी. मैं ओपीडी संभालूं या लिस्ट पढूं? साइन कर दिया बस."

मी तिला माझी रीत सांगितली, की थोडं बाजूला ठेवत जा, बेटा. म्हणाली, "मुझे डर लगता है, मैडम. ऑडिट हो गया तो?" भित्री आहे. आमच्या पिढीने असल्या गोष्टींना भिऊन कामं केली असती तर निम्मे रोगी गेले असते.

१७ जून, सोमवार

शिशिर डबा घेऊन भांडारात जेवायला बसतो हल्ली. गेस्ट हाउसच्या राजम्याने कंटाळलाय. मी ठेचा नेते. खाताना आज सहज म्हणाला, "ताई, तुमच्या इमर्जन्सीत फॅक्टर नाइन काहून एवढं लागून राहिलं? तीन महिन्यांत सोळा. मागल्या अख्ख्या वर्षात सगळीकडं मिळून नऊ होते."

"रोगी वाढलेत," मी म्हणाले.

"असंन," तो म्हणाला, आणि ठेचा आणखी मागून घेतला.

खोटं बोलले हे खरं. पण त्याला सांगितलं तर तो ते दुरुस्त करणार, दुरुस्त केलं की पिवळी पट्टी येणार, आणि चौदाच्या चौदा कुठेतरी अंबाल्याला जाऊन पडणार. बलकारचा हात वाचवायचा तर एवढं खोटं चालतं. पोरगा चांगला आहे पण. आईला रोज फोन करतो.

११ जुलै, गुरुवार

रात्रीचा एक वाजलाय. तरी लिहिते.

सकाळी नऊला साक्षीचा फोन. काल सकाळी बलकार दुकानाचं शटर ओढत होता, ते अर्ध्यात सुटून उजव्या हातावर आपटलं. कोपराखाली. साडेनऊला तो पिंजौरच्या रुग्णालयात पोचला, मी सांगितलं होतं तसा सरळ साक्षीकडे. आणि तिथे बाटल्या नव्हत्या. माझ्या सहा बाटल्या, आठ वर्षं तिथे ठेवलेल्या, त्या मेल्या यंत्राने "निष्क्रिय" म्हणून उचलून नेल्या होत्या.

साक्षीने स्क्रीनवर शोधलं. सातही ठिकाणी शून्य. तातडीची मागणी टाकली. दिल्लीच्या पुरवठादाराकडून गाडी निघाली, दुपारी दोनला पोचेल असं दिसलं. नकाशावर हिरवा ठिपका. डॉक्टर म्हणाले, चंदीगडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेऊ का? पण तिथल्या गर्दीत ताटकळण्यापेक्षा इथेच थांबू, औषध येतंयच, असं ठरलं. बर्फ लावून थांबले. दोनचे साडेचार झाले. ठिपका कर्नालपाशी तासभर हलेना. साडेचारचे सात झाले. बाटल्या आल्या तेव्हा आठ वाजून गेले होते. हात कोपरापासून मनगटापर्यंत ताठरला होता, आणि बोटं कळत नव्हती.

आज त्याला इथे आणलं. आतला दाब उतरवायला हात उघडावा लागला, आणि त्यासाठी बाटल्या हव्यात, खूप. सर्जन भांडारात स्वतः आले. मी खालचा कप्पा उघडला. ते बघतच राहिले.

शस्त्रक्रिया झाली. बोटांचं आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.

१२ जुलै, शुक्रवार

साक्षीवर ओरडले. कालच करायला हवं होतं, काल वेळ नव्हता. "मुझे फोन क्यों नहीं किया? एक फोन!"

ती म्हणाली, "मैडम, स्क्रीन पर आपका ज़ीरो था."

स्क्रीन! डोळे फुटले की काय यांचे? मला बावीस वर्षं ओळखतात सगळे, माझ्याकडे काही ना काही असतंच हे शेंबडं पोरही सांगेल. पण नाही, काचेवर शून्य दिसलं की जगात शून्य. ही पिढी पावसात भिजली तरी आधी मोबाइलवर बघेल पाऊस आहे का.

नंतर मात्र तिचा आवाज कानात राहिला. लहान मुलासारखी बोलत होती.

१६ जुलै, मंगळवार

संचालकांच्या खोलीत बैठक. सातही ठिकाणचे लोक, कंपनीचे दोन अधिकारी, शिशिर भिंतीकडे. मी तयारीने गेले होते आणि मनात होतं ते सगळं बोलले. एका माणसाचा हात जातोय आणि तुमचा ठिपका कर्नालला चहा पितो, असं म्हणाले. कुणी हसलं नाही.

संचालक म्हणाले, "विनया मैडम के पास चौदह न होतीं तो ऑपरेशन ही नहीं होता. सिस्टम ने नहीं बचाया, इनके तजुर्बे ने बचाया." टाळ्या वाजवल्या लोकांनी. कंपनीला नोटीस जाणार, आणि शिशिरला या कामावरून काढा असं लेखी कळवणार. त्याने नवव्या फॅक्टरचं वाटप तपासायला हवं होतं म्हणे. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

मला बरं वाटायला हवं होतं. घरी येऊन कांदा चिरत बसले आणि भाजी करायची विसरले. नंदकुमारने खिचडी टाकली.

१८ जुलै, गुरुवार

शिशिर निरोप घ्यायला आला. शनिवारी परत जातोय. मी म्हणाले, बैस. त्याने खिशातून घडी केलेला एक कागद काढला.

"ताई, मी हे बैठकीत दाखवलं नाही. तुम्हालेच दाखवतो."

फॅक्टर नाइनचा प्रवास होता. मार्च, चंदीगड, सहा दिल्या. एप्रिल, चंदीगड, चार दिल्या. मग संगणकाचा निष्कर्ष, चंदीगडला हे भरपूर लागतं, पुरवठादाराकडे तुटवडा आहे, पिंजौरला सहा पडून आहेत. एक जून, पिंजौरहून सहा उचलल्या. दोन जून, चंदीगडला सहा पोचल्या. दोन जून, चंदीगड, सहा दिल्या. दहा जुलै, सातही ठिकाणी शिल्लक शून्य.

दोन जूनच्या ओळीवर त्याने पेन्सिलने रेघ मारली होती.

मी ती ओळ किती वेळा वाचली माहीत नाही. मला वाटत होतं खाली काहीतरी दुसरं निघेल. आळशी कुणीतरी, असं मी या वहीत लिहिलंय. त्या पिंजौरच्या होत्या. मी बलकारसाठी ठेवल्या होत्या त्याच त्या, आणि मीच त्याच्यापासून ओढून घेतल्या. मग माझ्या कप्प्यात चौदा असताना साक्षीला शून्य दिसलं, कारण ते शून्य मी लिहिलं होतं.

"तू बैठकीत का नाही बोललास?"

"तुमच्या बाटल्यांनी ऑपरेशन झालं नं. मग काय बोलू?" मग म्हणाला, "माझंही चुकलं, ताई. सोळा पाहून मले शंका आली होती. मी तुमच्या शब्दावर सोडून दिलं."

ठेचा खाताना. मी त्याला म्हणाले होते, रोगी वाढलेत.

१९ जुलै, शुक्रवार

कामावर गेले नाही. पोट बिघडलं म्हणून कळवलं.

दिवसभर मी स्वतःची वकिली करत होते. राखण नसती तर सहाही मार्चमध्येच गेल्या असत्या, हे खरं आहे. यंत्राने पिंजौरला हात लावायला नको होता, हेही खरं आहे. पण दहा तारखेला सकाळी साडेनऊला चौदा बाटल्या पंचवीस किलोमीटरवर गार पडून होत्या आणि मी इन्सुलिन मोजत होते, याला कुठल्याच वकिलाकडे उत्तर नाही.

नंदकुमारला सगळं सांगितलं. या वेळी तो "होईल सवय" म्हणाला नाही. म्हणाला, "शिशिरचं काय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर टाळ्या घेऊन घरी आला.

२० जुलै, शनिवार

अर्ज लिहिला, दीड पान. राखण किती वर्षांची, कशी, मार्चपासून काय केलं, तारखांसकट. शेवटी लिहिलं की शिशिरचा दोष नाही, त्याने विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं.

संचालकांनी उभ्याउभ्या वाचला. "मैडम, अब ये क्यों? नोटिस जा चुका है. ट्रस्ट की बदनामी होगी. आपके पांच साल बाकी हैं." कागद माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला आणि आवक शिक्का मारून मागितला. पोच घेऊनच बाहेर आले. एक प्रत शिशिरला स्टेशनवर जाऊन दिली, तुझ्या कंपनीला दे म्हणाले. तो वाचून म्हणाला, "ताई, नोकरी जाईल तुमची." मी म्हणाले, जाऊ दे. तसं म्हणताना मला वाटलं होतं तेवढी शूर मी नव्हते.

एक राहिलंय. ते अर्जात लिहून होणार नाही.

२१ जुलै, रविवार

पिंजौरला बसने गेले. नंदकुमार गाडी काढतो म्हणाला, नको म्हटलं.

बलकारला शुक्रवारी घरी सोडलंय. दुकान उघडं होतं. तो काउंटरमागे नेहमीच्या जागी, उजवा हात बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट थोडं हलतं, बाकीची तीन नाहीत. डॉक्टर सहा महिने बघा म्हणतात, पण सर्जनने मला खरं सांगितलंय. घड्याळं आतून त्याला आता दुरुस्त करता येणार नाहीत. पट्टे आणि सेल बदलून देतो म्हणाला, डाव्या हाताने.

मला बघून उठायला लागला. "मैडम जी, आपने ऑपरेशन के टाइम..." त्याचे डोळे भरले. मी म्हणाले, बैठो, पहले सुनो.

सांगितलं. घोळ न घालता, त्याला कळेल असं. "उस दिन मेरे पास चौदह थीं. फ्रिज में. उसमें छह तुम्हारी ही थीं, यहां वाली. मैंने मशीन से छुपाई थीं, इसलिए सबको ज़ीरो दिखा."

भिंतीवरची दहाबारा घड्याळं आपापली वेळ दाखवत चालली होती. मग त्याने विचारलं, "मेरे वास्ते रखी थीं?"

"हां."

"उस दिन मुझे कितनी लगनी थीं जी?"

"छह."

त्याने मान हलवली. "मैंने फोन निकाला था, मैडम जी. आपका नंबर लगाने लगा था. साक्षी जी ने कहा, वहां भी ज़ीरो है. मैंने सोचा, जिसके पास है ही नहीं, उसको क्यों परेशान करना. वापस जेब में रख लिया."

क्षमा मागितली. शब्द हिंदीत होते, ते माझेच मला पुस्तकातले वाटले. तो माझ्याकडे बघत नव्हता, हाताकडेही नाही. काउंटरवरची सेलची रिकामी पाकिटं डाव्या हाताने एकेक करून नीट लावत होता.

तेवढ्यात मागच्या खोलीतून त्याची बायको बाहेर आली. तिने काही ऐकलं नव्हतं. मला बघून तिचा चेहरा खुलला. "मैडम जी, आप! चाय रखती हूं. खाना भी खा के जाना."

"नहीं," बलकार तिला म्हणाला, अगदी हळू, आवाज न चढवता. "मैडम को देर हो रही है."

मला काही उशीर होत नव्हता. मी उठले.